दारावरचा नंबर : संगणक जागा होण्याचा इतिहास

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने संगणकाच्या बिघाडावर का बोलावं, असा प्रश्न काही जणांनी आधीच विचारला आहे. उत्तर शेवटी द्यावं म्हणजे लोक थांबतात, अशी वक्त्यांची एक युक्ती असते. आम्ही ते सुरुवातीलाच देऊन टाकतो. हिंगोली जिल्ह्यातल्या एका लहान वाचनालयाच्या कामात आम्ही चार-पाच निवृत्त मंडळी आहोत. तिथला संगणक एके सकाळी सुरू झाला आणि काळ्या पडद्यावर दोनच ओळी दाखवून थांबला. पहिल्या ओळीत इंग्रजीत लिहिलं होतं की असं कोणतंही पार्टिशन नाही. दुसऱ्या ओळीत ‘ग्रब रेस्क्यू’ हे दोन शब्द, आणि पुढे लुकलुकणारा कर्सर.

त्या यंत्रात पुस्तकांची यादी होती, ती गेली असती तर पुन्हा करता आली असती. पण त्यात एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी कळमनुरी, सेनगाव आणि वसमत तालुक्यांतल्या गावांतून फिरून गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्याही होत्या. काही टंकलेल्या, काही म्हाताऱ्या बायांच्या आवाजात ध्वनिमुद्रित केलेल्या. बाई आता नाहीत, गाणाऱ्यांतल्याही बऱ्याचशा नाहीत. आणि दुसरी प्रत? ती काढायची असं दर बैठकीत ठरायचं.

गावातल्या एका दुरुस्तीवाल्याने पडदा पाहिला आणि निदान केलं, ‘डिस्क गेली. फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकून देतो.’ आम्ही होकार देण्याच्या बेतात होतो, हे इथे कबूल करायला हवं.

आता थोडं मागे जाऊ. कारण त्या दोन ओळींचा अर्थ कळायचा तर संगणक जागा कसा होतो ते पाहायला लागतं, आणि ती गोष्ट तर्कशास्त्राच्या एका जुन्या अडचणीपासून सुरू होते.

न्यायशास्त्रात तर्काचे दोष सांगताना आत्माश्रय, अन्योन्याश्रय, चक्रक आणि अनवस्था अशी नावं येतात. आपल्या सिद्धीसाठी आपलाच आधार घेणं हा आत्माश्रय. दोन गोष्टींनी एकमेकींचा आधार घेणं हा अन्योन्याश्रय. आधाराला आधार, त्याला पुन्हा आधार, असं न संपणारं होत गेलं की अनवस्था. संगणकाच्या बाबतीत हे असं दिसतं : सगळं काम चालवणारी मुख्य प्रणाली डिस्कवर असते. ती डिस्कवरून स्मृतीत आणायची तर आणणारा एक प्रोग्रॅम हवा. तो प्रोग्रॅम कुठे? तोही डिस्कवरच. मग त्याला कोण आणणार? इंग्रजीत याला बूटस्ट्रॅप म्हणतात, म्हणजे आपल्याच बुटाच्या पट्ट्या ओढून स्वतःला वर उचलणं. ‘बूट होणं’ हा आपल्या रोजच्या बोलण्यातला शब्द तिथून आला. आमच्या वर्गात आम्ही हाच आत्माश्रय तीस-पस्तीस वर्षं शिकवला, पण त्याच अडचणीतून रोज जागं होणारं यंत्र टेबलावर बसलं आहे हे काही लक्षात आलं नव्हतं.

सांख्यांनी मुळाला मूळ नसतं असं म्हणून अनवस्था थांबवली. यंत्र बांधणाऱ्यांनीही तेच केलं, फक्त त्यांचं मूळ प्रत्येक पिढीत बदललं. सुरुवातीच्या यंत्रांत ते मूळ माणसाच्या बोटांत होतं. समोरच्या फळीवर बटणांची रांग असायची, ती वर-खाली करून पहिल्या काही सूचना हाताने स्मृतीत घालायच्या. त्या सूचनांना येणारं काम एकच : कागदी पट्टीवरच्या भोकांतून पुढचा, जरा मोठा प्रोग्रॅम वाचणं. आयबीएमने १९५२ साली ७०१ हे यंत्र जाहीर केलं, त्याला ‘लोड’ नावाचं बटण होतं. ते दाबलं की यंत्र पहिलं कार्ड आपण होऊन वाचायचं आणि त्या कार्डावरच पुढची कार्डं कशी वाचायची ते लिहिलेलं असायचं.

आपल्याकडे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली पूर्ण भारतीय बनावटीचा संगणक उभा राहिला. १९६० साली तो कामाला लागला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं ‘टिफ्रॅक’ असं नामकरण केलं. त्या वेळी मराठवाड्यातल्या कित्येक गावांत वीजही पोचली नव्हती. हा फरक आम्ही तक्रार म्हणून सांगत नाही, पण तो विसरला की इतिहास फार गुळगुळीत होतो.

पुढे हाताची बोटं गेली आणि त्यांच्या जागी न पुसली जाणारी चिप आली. १९८१ सालच्या आयबीएम पीसीत ती होती, तिच्यातल्या प्रोग्रॅमला बायॉस म्हणतात. वीज मिळाली की प्रोसेसर एका ठरलेल्या पत्त्यावर जातो, तिथे बायॉस बसलेला असतो. हा आपला ‘अमूळ मूळ’. पण बायॉस तसा फारच अल्पज्ञ. त्याला फाइल म्हणजे काय ते ठाऊक नाही. तो डिस्कचा अगदी पहिला तुकडा उचलतो, स्मृतीत ठेवतो आणि कारभार त्याच्या हाती देऊन मोकळा होतो. हा तुकडा ५१२ बाइटांचा. १९८३ साली डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर हार्ड डिस्कच्या वाटण्यांची नोंदही त्याच तुकड्यात आली. त्यातले ६४ बाइट या वाटण्यांच्या तक्त्याला गेले, शेवटचे २ खुणेला, म्हणजे प्रत्यक्ष प्रोग्रॅमला उरले ४४६. तक्त्यात एका वाटणीला १६ बाइट, म्हणून चारच नोंदी मावतात. चारांहून जास्त वाटण्या हव्या असतील तर एकीच्या पोटात आणखी वाटण्या पाडतात आणि त्यांचे क्रमांक पाचापासून सुरू होतात. हा ‘पाचापासून’ लक्षात ठेवा, आमचं घोडं तिथेच अडलं होतं.

४४६ बाइट म्हणजे किती? या व्याख्यानातली तीन-चार वाक्यंसुद्धा तेवढ्यात बसणार नाहीत. औंढ्याला नागनाथाच्या गाभाऱ्यात उतरताना अंग चोरून, वाकून खाली जावं लागतं, आणि आत गेल्यावर मग देव भेटतो. तसंच हे. एवढ्याशा वाटेने सबंध प्रणाली येऊ शकत नाही, म्हणून टप्पे पाडावे लागतात. पहिला टप्पा दुसऱ्याला आणतो, दुसरा तिसऱ्याला.

लिनक्सच्या जगात हे काम आधी लिलो नावाचा प्रोग्रॅम करायचा, व्हेर्नर आल्मेसबर्गर यांनी लिहिलेला. तो एकेक टप्पा ओलांडताना पडद्यावर आपल्या नावाचं एकेक अक्षर उमटवायचा. चारही अक्षरं आली तर सगळं ठीक. दोनच अक्षरं येऊन थांबला तर जाणकार तेवढ्यावरून ओळखायचा की दुसरा टप्पा आणला गेला पण चालू झाला नाही. आम्हाला ही कल्पना फार आवडते. पण लिलोचा एक दोष होता, तो पाठांतर करणारा विद्यार्थी होता. मुख्य प्रणाली डिस्कवर नेमकी कोणत्या ठिकाणी आहे ते आकडे तो घोकून ठेवायचा. प्रणाली बदलली आणि त्याला पुन्हा घोकायला लावलं नाही की परीक्षेत नापास.

ग्रब वेगळा निघाला. १९९५ साली एरिक बोलेन यांनी तो लिहायला घेतला, १९९९ मध्ये गॉर्डन मात्झिगकाइट आणि योशिनोरी ओकुजी यांनी तो ग्नू प्रकल्पात आणला. भौतिकीतल्या महाएकीकरण सिद्धांताच्या इंग्रजी नावावर थट्टा करून त्याचं नाव ठेवलं आहे. ग्रबला फाइलींची मांडणी वाचता येते, म्हणून तो आकडे घोकत नाही, फाइल नावाने शोधतो. मात्र शोधायला सुरुवात कुठून करायची, तेवढा एक पत्ता त्यालाही पाठ ठेवावाच लागतो. इतकी हुशारी करूनही शेवटी एक गोष्ट पाठ करणं सुटलं नाही!

ग्रबला अडचण आली की तो दोन तऱ्हांनी थांबतो. नुसता ‘ग्रब’ असा प्रॉम्प्ट आला तर तो स्वतः पूर्ण जागा झाला आहे, फक्त प्रणालींची यादी त्याला सापडलेली नाही. ‘ग्रब रेस्क्यू’ आलं तर तो अर्धवट जागा आहे. त्याचा छोटा गाभा स्मृतीत आला, पण बाकीचे भाग जिथे असायला हवेत तिथे नाहीत. या अवस्थेत त्याला मोजक्याच आज्ञा कळतात.

आता वाचनालयात परत या. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची मुलगी नांदेडला अभियांत्रिकी शिकते, सुट्टीला आली होती. तिने पडदा पाहिला आणि म्हणाली, ‘आजोबा, डिस्क मेली असती तर हे एवढं तरी कुणी लिहिलं असतं?’

आम्ही गप्प. धूर दिसतो तिथे अग्नी असतो, हे अनुमान जन्मभर शिकवलं, आणि इथे धूर समोर असताना आम्ही अग्नी विझल्याचं मान्य करून बसलो होतो. ती दोन ओळींची अक्षरं डिस्कवरूनच आली होती. म्हणजे डिस्क फिरत होती, पहिला तुकडा शाबूत होता, ग्रबचा गाभाही शाबूत होता. तक्रार फक्त एवढीच होती की पाठ असलेल्या पत्त्यावर कुणी नाही.

मग चौकशीत कळलं. आदल्या दिवशी कुणीतरी जागा वाढवण्यासाठी विंडोजमधून एक ‘रिकामी’ वाटणी काढून टाकली होती. ती पाचवी होती. लिनक्सची वाटणी सहावी. पोटातल्या वाटण्यांचे क्रमांक ओळीने लागतात, मधली एक गेली की पुढच्या सरकतात. सहावीची पाचवी झाली. ग्रब बिचारा सहाव्या दारावर जाऊन टकटक करत होता. घर जागेवर, माणसं आत, फक्त दारावरचा नंबर बदललेला. आमच्या भागात आख्यायिका आहे की नामदेवांना कीर्तनासाठी देवळाच्या मागे बसवलं तेव्हा नागनाथाचं देऊळच फिरलं आणि दार त्यांच्याकडे झालं. इथे देऊळ फिरलं, पण नामदेवाला ते कुणी सांगितलं नाही, असा प्रकार.

पोरीने आधी एक गोष्ट आम्हाला बजावली. या प्रॉम्प्टवर दिलेल्या आज्ञा स्मृतीतच राहतात, डिस्कवर काही लिहिलं जात नाही. चुकलं तर यंत्र बंद करून पुन्हा सुरू करायचं. धोका दुरुस्तीत नव्हता, फॉरमॅटमध्ये होता. मग तिने ‘एलएस’ दिलं. वाटण्यांची नावं आली, त्यांत सहावी नव्हती. पाचवीचं नाव देऊन आत पाहिलं, तेव्हा ‘बूट’, ‘होम’ असे ओळखीचे कप्पे दिसले. ‘सेट’ने मुख्य वाटणी आणि ग्रबच्या फाइलींचा मार्ग पाचवीकडे वळवला. मग ‘इन्समॉड नॉर्मल’, आणि शेवटी नुसतं ‘नॉर्मल’. यादी उमटली. पुढे मुख्य प्रणाली सुरू होतानाही हाच अन्योन्याश्रय असतो, डिस्क वाचायचा चालक डिस्कवरच. तो सोडवायला ग्रब एक छोटी तात्पुरती शिदोरी प्रणालीबरोबर स्मृतीत देतो. आणि प्रणाली आपल्या वाटण्या क्रमांकाने न ओळखता त्यांच्या कायम ओळखचिन्हाने ओळखत असल्यामुळे पुढे कुठेही अडलं नाही.

सुरू झाल्यावर तिने लगेच ग्रब पुन्हा बसवला नाही. आधी ओव्यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली, ती उघडून एक ओवी ऐकवली. मगच ‘ग्रब-इन्स्टॉल’ आणि ‘अपडेट-ग्रब’ चालवून नवा पत्ता कायमचा लिहिला.

नव्या यंत्रांत ४४६ बाइटांची अडचण राहिली नाही. बायॉसच्या जागी यूईएफआय आलं, त्याला एक स्वतंत्र वाटणी वाचता येते आणि बूटलोडर तिथे साध्या फाइलीसारखा राहतो. पण म्हणून अडकणं संपलं असं नाही. यूईएफआयबरोबर बूटलोडरची सही तपासणारा दरवानही आला. २०२० मध्ये ग्रबमधलं एक सुरक्षाछिद्र बुजवणारं अपडेट आलं, आणि त्यानेच काही लिनक्स यंत्रं सुरू होईनात. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटनंतर, दोन्ही प्रणाली असलेल्या कित्येक यंत्रांवर लिनक्सला दरवानाने दारातच अडवलं.

जाता जाता. औंढ्याजवळ लायगो-इंडिया उभं राहतं आहे, गुरुत्वीय लहरी टिपणारी प्रयोगशाळा, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २६०० कोटी रुपयांना अंतिम मंजुरी दिली. अमेरिकेतली तिची भावंडं बटण दाबलं की चालू होतात असं नाही. आरशांमधली अंतरं टप्प्याटप्प्याने स्थिर करत नेऊन यंत्र ‘लॉक’ करावं लागतं, मधला टप्पा सुटला की पुन्हा पहिल्यापासून. दुधाळ्याच्या माळावर ते पाहायला आम्ही असू की नाही कोण जाणे.

वाचनालयाच्या कपाटाला आतून एक कागद चिकटवला आहे. त्यावर पोरीच्या अक्षरात त्या पाच आज्ञा आहेत, आणि खाली आम्ही लिहिलं आहे, ‘वाटणी काढण्याआधी विचारणे.’ ओव्यांच्या प्रती आता तीन ठिकाणी आहेत, त्यांतली एक बाईंच्या मुलाकडे. प्रश्न असतील तर विचारा.