चांदमारी

शूटिंग रेंजला आपल्याकडे एक फार सुंदर शब्द होता. चांदमारी. निशाणाच्या मधोमध जो गोल ठिपका असतो तो चांद, आणि तो मारायचा म्हणून चांदमारी. गावोगावी एखादी टेकडी किंवा माळ अजून या नावाने ओळखला जातो, पण तिथे कधीकाळी गोळीबाराचा सराव चालायचा हे कोणाच्या ध्यानी नसतं. हल्ली सगळे नुसतं 'रेंज' म्हणतात. आमच्या वडशात रेंज म्हटलं की आधी रेंजरसाहेब आठवतात, आणि त्यानंतर मोबाईल!

हे लिहायचं कारण म्हणजे पुण्याच्या पुतण्याने विचारलेला प्रश्न. परदेशात लोक शंभर वर्षांपूर्वीची रिव्हॉल्व्हरं घेऊन रेंजवर नेमबाजी करतात, तो काय प्रकार आहे, असं त्याने विचारलं. मास्तरला प्रश्न विचारला की उत्तर लांबणारच, तेव्हा मंडळी, जरा सांभाळून घ्या.

रिव्हॉल्व्हर म्हणजे फिरत्या नळकांड्याचं हत्यार. सॅम्युएल कोल्टने १८३६ साली अमेरिकेत त्याचं पेटंट घेतलं. आपल्याकडे साहेबाच्या कमरेला जे असायचं ते बहुधा बर्मिंगहॅमचं वेब्ली. १८८७ साली ते ब्रिटिश फौजेने स्वीकारलं. बिजागरीवर मधोमध मोडलं की सहाही रिकामी काडतुसं एकदम बाहेर पडतात, ही त्याची खासियत. नुसता घोडा ओढून झाडलं तर तेवढ्या एकाच ओढीत नळकांडं फिरतं, हातोडी मागे जाते आणि सुटते. त्यामुळे ओढ जड लागते आणि हात हलतो. अंगठ्याने हातोडी आधी मागे घेतली तर घोडा हलका होतो आणि नेम बरा लागतो. जुनं हत्यार चालवण्यातली गंमत आणि अवघडपणा यातच आहे. आणखी एक सांगतो, नळकांडं आणि नळी यांच्यात बारीक फट असते. त्या फटीतून गरम वायू आणि शिशाचे कण बाजूला उडतात, म्हणून दुसऱ्या हाताची बोटं तिथे ठेवायची नसतात.

कॉलेजात एनसीसीत आम्ही पॉइंट टू टूची रायफल झाडली आहे. पाच गोळ्या, तेवढ्याच. आमचे हवालदार म्हणायचे, चांद लागो न लागो, पाचही गोळ्या एकाच ठिकाणी गेल्या पाहिजेत. एकाच चुकीच्या जागी पाच गोळ्या गेल्या तर दोष माशीचा, तो सुधारता येतो. पाच जागी गेल्या तर दोष हाताचा, आणि त्याला सराव हाच उपाय.

पण सराव करायचा कुठे? लॉर्ड लिटनच्या काळात, १८७८ साली, शस्त्र कायदा आला. हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगता येईना. युरोपियनांना मात्र सूट, आणि ती पुढची चाळीसेक वर्षं टिकली. आमच्या वडशावरून गाडी गेली ती बंगाल-नागपूर रेल्वेची. त्या कंपनीच्या गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन नोकरांची स्वतःची रायफल पलटण होती. गार्ड आणि ड्रायव्हर चांदमारीला जायचे आणि गाडीत बसणाऱ्याने बंदुकीकडे पाहायचंसुद्धा नाही!

खुद्द लंडनमध्ये मात्र उलटं होतं. मदनलाल धिंग्रा टॉटनहॅम कोर्ट रोडवरच्या एका रेंजवर पैसे भरून सुमारे तीन महिने सराव करत होता. १ जुलै १९०९ रोजी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारासही तो तिथे गेला आणि अठरा फुटांवरून बारा गोळ्या झाडल्या. त्यातल्या अकरा निशाणावर लागल्या. हे रेंजच्या मालकाने कोर्टात सांगितलं. त्याच रात्री कर्झन वायली मारला गेला. (त्याच्याजवळचं कोल्ट हे पिस्तूल होतं, रिव्हॉल्व्हर नव्हे. दोन्हींत फरक आहे, वर्तमानपत्रवाले तो पाळत नाहीत.) जो सराव लाहोर-नाशिकात गुन्हा ठरला असता, तो साम्राज्याच्या राजधानीत कोणीही पैसे मोजून करू शकत होता. मला वर्गात हे सांगताना नेहमी थांबावंसं वाटे.

आता फर्ग्युसन कॉलेजचं ग्रंथालय पाहा. तारीख २२ जुलै १९३१. सोलापूरच्या चौघांना त्याच वर्षी जानेवारीत फाशी दिलं होतं, त्याचा राग मनात धरून वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने हंगामी गव्हर्नर हॉटसनवर अगदी जवळून रिव्हॉल्व्हर झाडलं. हॉटसन वाचला. गोळी खिशातल्या पाकिटाच्या धातूच्या बटणावर लागली असं म्हणतात, तर कोणी अंगात चिलखत होतं असंही सांगतात. इतक्या जवळून नेमाचा प्रश्नच नव्हता. गोगटे पुढे जन्मभर 'हॉटसन गोगटे' म्हणून ओळखले गेले. त्या कृत्यांचा निवाडा मी इथे करत नाही. मला एवढंच जाणवतं की हाती शस्त्र असून कोणाच्याही जिवावर न उठण्याची जी जागा, म्हणजे चांदमारी, ती या मुलांना त्यांच्या देशात नव्हतीच.

ती उघडली १९५१ साली. नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली आणि पहिले अध्यक्ष झाले लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर. अहमदाबादचे वकील, गांधीजींचे अनुयायी, मूळ कोकणातले मराठी! अहिंसावाद्याने बंदुकीची संघटना काढावी यात काहींना विसंगती दिसते. मला ती अजिबात दिसत नाही. त्यांच्या नावाची स्पर्धा राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीची पायरी मानली जाते.

रिव्हॉल्व्हरच्या जातीची स्पर्धा म्हणजे पंचवीस मीटर सेंटर फायर. एका हाताने, साठ गोळ्या, सहाशे गुण. पहिल्या तीस गोळ्या सावकाश, पाच मिनिटांत पाच. पुढच्या तीस मात्र निशाण तीन सेकंद तोंड दाखवतं तेवढ्यात एकेक. १९९० साली ऑकलंडच्या राष्ट्रकुल स्पर्धेत मुंबईच्या अशोक पंडितांनी याच प्रकारात सुवर्ण मिळवलं. राही सरनोबत, स्वप्नील कुसाळे ही नावं आता पोरांना पाठ आहेत, पंडितांचं नाही.

मग जुन्या वेब्ली गेल्या कुठे? इंग्लंडात १९९६ च्या डनब्लेनच्या शाळेतल्या हत्याकांडानंतर १९९७ साली हातातली पिस्तुलं जवळजवळ सगळी बंद झाली. ऐतिहासिक म्हणून राखलेली हत्यारं बिस्लीसारख्या ठरावीक जागीच ठेवायची आणि तिथेच झाडायची. आपल्याकडे १९६२ च्या नियमांनी .३८० आणि .४५५ ची लष्करी काडतुसं घेणारं प्रत्येक रिव्हॉल्व्हर निषिद्ध गटात टाकलं. म्हणून कानपूरच्या सरकारी कारखान्याने वेब्लीच्याच धर्तीवर .३२ चं काढलं.

आमच्या भागात एका मालगुजाराच्या वाड्यात असं एक .४५५ होतं. १९५१ साली मालगुजारी गेली (तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो), वाडा पडत आला, पण ते दर निवडणुकीला ठाण्यात जमा व्हायचं आणि पावती घेऊन परत यायचं. गडचिरोलीत बंदुकीचा आवाज कशाचा असतो हे आम्हाला चाळीस वर्षं माहीत आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती आणि त्याच्या साथीदारांनी शस्त्रं खाली ठेवली तेव्हा वडशातही लोक टीव्हीपुढे बसले होते. मालगुजार गेल्यावर मुलांच्या नावे परवाना झाला नाही. मुलांनी रिव्हॉल्व्हर ठाण्यात जमा केलं आणि पावती बापाच्या फोटोमागे खोचून ठेवली. त्या वेब्लीने त्यांनी कधी एकही गोळी झाडली नव्हती, ना जनावरावर, ना चांदावर.