बाबा, जमला का गुणाकार?

मागचा भाग येऊन पाच महिने झाले, त्याबद्दल आधी माफी मागतो. ऑफिसचं काम, घर बदलणं अशी कारणं देता येतील, पण ती खरी नाहीत. मला भाग जमतच नव्हता. आणि विषय कुठला घेतला होता माहितीये? 'माणसाला सुचतं कसं, आणि सुचायचं थांबतं कसं!' आई दर रविवारी फोनवर जेवणाखाण्याची चौकशी झाली की विचारायची, "झाला का रे तुझा भाग?" मी म्हणायचो, "नाही गं. वाचून झालंय, टिपणं झालीत, पण बोलायला बसलं की अडतंय."

शेवटी एका गोष्टीने माझं गाडं हललं. तीच आज सांगतो. तिच्यातही घरातलं माणूस रोज एक प्रश्न विचारतं आणि रोज तेच उत्तर मिळतं.

ऑक्टोबर १८४३. डब्लिन शहराबाहेरची डन्सिंक वेधशाळा. तिथे राहतो विल्यम रोवन हॅमिल्टन, वय ३८. स्वतःचं शिक्षण पूर्ण व्हायच्या आत, १८२७ साली, ट्रिनिटी कॉलेजने त्याला खगोलशास्त्राचा प्राध्यापक केलं होतं. इंजिनिअरिंग किंवा फिजिक्स केलेल्यांनी 'हॅमिल्टोनियन' हा शब्द परीक्षेपुरता का होईना, पाठ केलेला असतो. तोच हा हॅमिल्टन. थोडक्यात, डोकं चालत नाही म्हणून अडलेला माणूस नव्हे.

त्या महिन्यात रोज सकाळी तो नाश्त्याला खाली आला की त्याची दोन मुलं, एक नऊ वर्षांचा आणि एक आठ वर्षांचा, विचारायची की बाबा, त्रिकुटांचा गुणाकार जमला का? आणि हा मान हलवून सांगायचा, नाही रे, बेरीज-वजाबाकीच येतेय. बावीस वर्षांनी, मरणाच्या महिनाभर आधी, हॅमिल्टनने धाकट्या मुलाला, आर्चिबाल्डला, पत्र लिहून ही आठवण सांगितली, म्हणून ती आपल्याला माहीत आहे.

आता हा त्रिकुटांचा गुणाकार म्हणजे काय? गणिताला घाबरू नका, दोन मिनिटांचं काम आहे. संमिश्र संख्या, म्हणजे कॉम्प्लेक्स नंबर्स, आठवतात? एक साधा आकडा आणि एक 'आय'वाला आकडा. या जोडीला कागदावरचा बाण समजा. दोन बाणांचा गुणाकार केला की बाण फिरतो. 'आय'ने गुणलं की बाण नव्वद अंशांत वळतो. दोनदा गुणलं की उलट्या दिशेला, म्हणून 'आय'चा वर्ग उणे एक. शिवाय गुणाकाराची लांबी म्हणजे दोन लांब्यांचा गुणाकार, हा हिशेब चोख बसतो. कागदावरचं सगळं फिरणं आकड्यांत आलं.

पण जग कागदासारखं सपाट नाही. हॅमिल्टनला वाटलं, दोन आकड्यांनी कागद सांभाळला, तर तीन आकड्यांनी अवकाश सांभाळता यायला हवं. 'आय'च्या जोडीला एक 'जे' घेतला. बेरीज सोपी होती. गुणाकार काही केल्या बसेना. संमिश्र संख्यांवरचा त्याचा निबंध १८३७ साली छापून झाला होता. तेव्हापासून धरलं तरी हा प्रश्न कित्येक वर्षं उशाशी होता.

मग आला १६ ऑक्टोबर १८४३, सोमवार. रॉयल आयरिश अकॅडमीची बैठक होती. हॅमिल्टन बायकोबरोबर रॉयल कॅनॉलच्या काठाने चालत डब्लिनकडे निघाला. ती मधूनच काही बोलत होती, याच्या डोक्यात आतल्या आत दुसरंच चालू होतं. ब्रूम पुलाशी आले आणि एकदम प्रकाश पडला. त्याने खिशातला चाकू काढला आणि पुलाच्या दगडावर समीकरण कोरलं. आय वर्ग, जे वर्ग, के वर्ग आणि आय-जे-के यांचा गुणाकार, हे सगळे उणे एक. तीन नव्हे, चार आकडे लागत होते. या संख्यांना त्याने नाव दिलं क्वाटर्नियन. मूळ कोरीव काम केव्हाच पुसलं गेलं. आज तिथे पाटी आहे, १९५८ साली एमन डी व्हॅलेरा यांच्या हस्ते लावलेली.

ही गोष्ट बहुतेक ठिकाणी इथेच संपते. तात्पर्य काय, तर अडलात की फिरायला जा. मीही गेलो. पाच महिने रोज संध्याकाळी टेकडी चढलो. वजन दोन किलो कमी झालं, भाग काही सुचला नाही.

म्हणून मी पुलावरून थोडा मागे गेलो. दुसऱ्याच दिवशी, १७ ऑक्टोबरला, हॅमिल्टनने त्याचा मित्र जॉन ग्रेव्ह्ज याला सविस्तर पत्र लिहिलं. सुचण्याच्या वाटेवरचे टप्पे त्यात ओळीने आहेत. त्रिकुटाचा त्याच्याशीच गुणाकार केला की लांबीचा हिशेब जवळजवळ जुळतो, फक्त एक पद जास्तीचं उरतं, ज्यात 'आय' आणि 'जे' एकमेकांना गुणलेले असतात. ते पद घालवायचं कसं? आधी त्याने म्हटलं, 'आय गुणिले जे' शून्य धरू. ते मनाला पटेना. मग वाटलं, 'आय गुणिले जे' आणि 'जे गुणिले आय' हे एकमेकांच्या उलट धरले तर? मग ती दोन पदं आपसात कटतात.

इथे जरा थांबा. पाच गुणिले तीन आणि तीन गुणिले पाच सारखंच, हे आपण तिसरीत शिकतो. गुणाकारात क्रम उलटला तरी उत्तर तेच, असंच तेव्हाचे सगळे गणिती धरून चालायचे. हॅमिल्टनने तो नियम सोडला. मग उरलं एवढंच की 'आय गुणिले जे' म्हणजे नेमकं काय? उत्तर 'आय' आणि 'जे' यांच्यात कुठे बसत नव्हतं. पुलाजवळ त्याने मान्य केलं की ती वेगळीच गोष्ट आहे, तिला 'के' म्हणू आणि चौथी जागा देऊ. वीज पुलावर पडली हे खरं, पण ढग बरेच दिवस जमत होते.

खरं तर क्रमाचा नियम अवकाशात टिकतच नाही. हातातलं पुस्तक टेबलावर आडवं ठेवा. पलीकडची कड उचलून ते तुमच्याकडे तोंड करून उभं करा, मग उभ्याउभ्या उजवीकडे पाव वळण द्या. आता पुन्हा आडवं ठेवा, आधी टेबलावरच उजवीकडे पाव वळण द्या आणि मग पलीकडची कड उचलून उभं करा. पुस्तक वेगळ्याच स्थितीत दिसेल. पुस्तकाला हा नियम कधीच लागू नव्हता, आपणच तो चिकटवला होता.

आणि आता मला खरोखर हलवणारा भाग. तीन आकड्यांचा गुणाकार हॅमिल्टनला जमला नाही, कारण तो कोणालाच जमणार नव्हता. पडताळून बघा. ३ म्हणजे १ + १ + १, तीन वर्गांची बेरीज. २१ म्हणजे १६ + ४ + १, तीन वर्गांची बेरीज. लांबीचा नियम तीन आकड्यांत चालायचा असेल, तर ३ गुणिले २१, म्हणजे ६३, हीसुद्धा तीन पूर्ण वर्गांची बेरीज म्हणून लिहिता यायला हवी. बसा कागद घेऊन, येणार नाही. चार वर्ग घेतले की लगेच येते, ४९ + ९ + ४ + १. हे ६३चं उदाहरण फ्रेंच गणिती लजांद्र याच्या पुस्तकात हॅमिल्टनच्या आधीच छापून आलं होतं. पुढे १८७०च्या दशकात जर्मन गणिती फ्रोबेनियसने सिद्धच केलं की भागाकारासकट नीट चालणारी अशी तीन आकड्यांची व्यवस्था असूच शकत नाही.

म्हणजे रोज सकाळी मुलांसमोर मान हलवणारा हा माणूस कमी पडत नव्हता. तो भिंतीला दार समजून ढकलत होता. आणि दार उघडत नाही, ही बातमी खरी होती.

आपण अडलो की पहिली शंका स्वतःवर घेतो. मी आळशी आहे, माझ्यातलं संपलं, पूर्वी सुचायचं आता नाही सुचत. पण अडणं ही बऱ्याचदा प्रश्नाबद्दलची माहिती असते. ज्या अटी घालून आपण प्रश्न सोडवायला बसलोय, त्या सगळ्या एकत्र नांदत नाहीत, एवढंच ती सांगते.

मग अट दिसत का नाही? १९४२ साली अब्राहम लुचिन्स या मानसशास्त्रज्ञाने पाण्याच्या भांड्यांची कोडी घेऊन प्रयोग प्रसिद्ध केले. भांडी २१, १२७ आणि ३ मापांची, पाणी हवंय १००. मधलं भांडं भरा, त्यातून पहिलं एकदा आणि तिसरं दोनदा काढा, झालं. याच युक्तीची आणखी कोडी सोडवून घेतली. मग दिली २३, ४९ आणि ३ची भांडी, पाणी हवं २०. बहुतेकांनी तीच लांबलचक युक्ती वापरली. तेवीसमधून तीन काढले की काम होतं, हे दिसलंच नाही. आधी यश दिलेली युक्तीच डोळ्यावर झापड बांधते. संमिश्र संख्यांतल्या यशाने हॅमिल्टनचं तेच केलं असावं.

फ्रेंच गणिती आंरी प्वांकारे याने १९०८ साली पॅरिसमध्ये स्वतःच्या सुचण्याबद्दल व्याख्यान दिलं. त्यातला कूटांस गावचा किस्सा सगळे सांगतात. सहलीला निघाला होता, घोड्यांच्या बसच्या पायरीवर पाय ठेवला आणि उत्तर सुचलं. पण त्याआधीची एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. तो सुरुवातीचे पंधरा दिवस असली फलनं असूच शकत नाहीत, हेच सिद्ध करायला बसला होता! म्हणजे तोही आधी चुकीच्या बाजूनेच ढकलत होता. पुढे १९२६ मध्ये ग्रॅहम वॉलसने सुचण्याचे चार टप्पे मांडले. तयारी, मुरणं, उजळणं आणि पडताळा. आपण मधले दोन लक्षात ठेवतो, कारण त्यात कष्ट नाहीत. फिरायला जाण्याचा उपयोग असतो, नाही असं नाही. पण मुरायला आधी बरणीत काहीतरी घातलेलं लागतं. आणि फिरताना डोक्याने करायचं काम बहुधा हेच असतं, की एखादी अट हळूच हातातून सुटावी.

अर्थात सगळ्याच अटी सोडल्या तर उरणार काय? हॅमिल्टनने लांबीचा नियम सोडला नाही. भागाकार आलाच पाहिजे, हेही सोडलं नाही. त्याने 'तीनच' सोडलं आणि गुणाकाराचा क्रम सोडला. कामाचा जीव कशात आहे आणि नुसती सवय कुठली, हे ओळखणं हीच खरी कसरत. गंमत म्हणजे एकाने एक नियम सोडला की दुसऱ्यालाही धीर येतो. त्याच वर्षी डिसेंबरात ग्रेव्ह्जने आठ आकड्यांच्या संख्या शोधल्या, ज्यांत कंस कुठेही घाला हा नियमही चालत नाही. त्यांना आज ऑक्टोनियन म्हणतात.

माझी या क्वाटर्नियनशी ओळख पहिल्या नोकरीत झाली. स्क्रीनवरचं थ्रीडी मॉडेल फिरवायचं होतं. मी तीन कोन वापरले होते. कॅमेरा सरळ वर गेला की मॉडेल पिसाळायचं. दोन आठवडे मी त्यावर 'इफ'ची ठिगळं लावत बसलो. रात्री खोलीवर येऊन वाटायचं, आपल्याला हे काम येतच नाही, चुकून निवड झाली. मग टीममधल्या एका ताईंनी कोड बघितला आणि म्हणाल्या, "अरे, तीन आकड्यांत हे बसणारच नाही. चार घे." केन शूमेक यांनी १९८५ साली ॲनिमेशनसाठी क्वाटर्नियन वापरायची पद्धत मांडली, ती वापरली. दुपारपर्यंत मॉडेल शहाण्यासारखं फिरायला लागलं. रडू येणं बाकी होतं.

तर या पाच महिन्यांत मी शेवटी काय केलं? एका रविवारी आईचा फोन ठेवल्यावर वही घेतली आणि या भागाच्या अटी लिहून काढल्या. सृजनशीलतेचा संपूर्ण इतिहास हवा. ग्रीकांपासून मेंदूच्या स्कॅनपर्यंत. चाळीस मिनिटांत. आणि शेवटी ऐकणाऱ्याला ठोस उपाय मिळायला हवा. वाचलं आणि हसूच आलं. हे माझं ६३ होतं.

'संपूर्ण' खोडलं. 'ग्रीकांपासून' खोडलं. 'ठोस उपाय' खोडताना हात थोडा अडखळला, कारण तुम्ही त्यासाठीच ऐकता असं मला वाटायचं. खरी गोष्ट, पडताळून, मराठीत सांगायची, एवढी एक अट ठेवली. त्या रात्री अडीच पानं लिहून झाली.

सगळंच अडणं असं असतं असा माझा दावा नाही. कधी माणूस थकलेला असतो, कधी दुःखात असतो, तेव्हा वही नाही, झोप आणि माणसं लागतात. पण तुमचं काही फार दिवस अडलं असेल, तर स्वतःला नावं ठेवायच्या आधी एकदा अटींची यादी करून बघा. त्यातली एखादी तुम्ही तिसरीत शिकलेली निघेल.

आणि आई, तू हे ऐकत असशीलच. झाला गं भाग.