एका नावाचे अनेक धनी

मराठवाड्यात कोणी ‘मी वडगावचा’ असे सांगितले की ऐकणारा लगेच विचारतो, ‘कोणते वडगाव?’ ज्या गावाच्या वेशीवर कधीकाळी वड उभा होता ते वडगाव, आणि वडांना आपल्या मुलखात तोटा नाही. म्हणून प्रत्येक वडगावाला आपापले एखादे विशेषण जोडावे लागले. कोणी बुद्रुक झाले, कोणी खुर्द, कोणी मावळ. बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील आमचे गाव युसूफ वडगाव. यातला पहिला शब्द गाळला तर टपाल भलत्याच जिल्ह्यात जायचे, आणि टपालाबरोबर इतिहासही. १७७९ च्या जानेवारीत मराठ्यांनी इंग्रजी फौजेला कोंडीत धरून तह करावयास लावला, ते वडगाव पुण्याजवळच्या मावळातले. त्या कीर्तीचा कणभर वाटाही आमच्या गावाला मागता येत नाही.

गावांना विशेषण लावण्याचे हे शहाणपण आपण माणसांच्या बाबतीत मात्र नेहमी दाखवीत नाही. जुन्या ग्रंथकारांच्या बाबतीत तर नाहीच. एक ठळक नाव लोकांच्या मनात बसले की त्या नावाचे इतर सगळे धनी हळूहळू त्याच्या पोटात जातात. याचे सर्वांत बोलके उदाहरण ‘भास्कर’ या नावाचे आहे. गणित, ज्योतिष, वेदान्त, मराठी काव्य आणि शाक्त उपासना इतक्या विषयांच्या कपाटांत भास्कर आढळतो. या सर्वांना जोडणारा धागा एकच, तो म्हणजे नाव. शोधकाचे काम हा धागा सोडविण्याचे.

शाळेत आपण ज्याचे नाव शिकलो ते भास्कराचार्य. त्यांनी आपला जन्मशक १०३६, म्हणजे इ. स. १११४, स्वतःच सांगून ठेवला आहे, आणि वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये, ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचला. ‘लीलावती’ हा त्याचाच पाटीगणिताचा भाग. अकबराच्या दरबारात फैजीने १५८७ मध्ये तिचे फारसी भाषांतर केले. १८१७ मध्ये कोलब्रुकने तिला इंग्रजी रूप दिले. एवढी कीर्ती लाभलेल्या पुरुषाच्या सावलीत त्याच नावाचा दुसरा गणिती झाकला गेला, तर त्यात नवल नाही.

तो दुसरा, खरे म्हणजे पहिला, भास्कर सातव्या शतकातला. आर्यभटाच्या ग्रंथावर त्याने भाष्य लिहिले, आणि कलियुगाची ३७३० वर्षे लोटल्याची नोंद त्यात केली. हिशेब केला की इ. स. ६२९ हे वर्ष निघते. ‘महाभास्करीय’ आणि ‘लघुभास्करीय’ हे त्याचे ज्योतिषावरचे ग्रंथ. त्याच्या भाष्यातील उदाहरणांत सौराष्ट्रातील वलभी आणि भडोच ही गावे येतात. त्याचे ग्रंथ जपले मात्र दूर केरळातल्या पंडितांनी.

त्याची करामत वाचकांनी एकदा कागद-पेन्सिल घेऊन पाहावी. ज्या कोनाची ज्या, म्हणजे शाळेतले ‘साइन’, काढायची, त्याचे अंश १८० मधून वजा करा आणि येणाऱ्या संख्येला त्याच अंशांनी गुणा. हा गुणाकार चौपट करा. मग मूळ गुणाकार ४०५०० मधून वजा करून त्या बाकीने चौपटीला भागा. कोन ३० अंशांचा घेतला तर १५० गुणिले ३० म्हणजे ४५००. त्याची चौपट १८०००. ४०५०० मधून ४५०० गेले, राहिले ३६०००. भागाकार बरोबर अर्धा, आणि खरे उत्तरही अर्धाच. कोणताही कोन घ्या, त्रिज्या १००० मानली तर चूक २ पर्यंतही पोचत नाही. कोष्टक नाही, यंत्र नाही, आणि साल सातव्या शतकातले! याच जातीचा नियम वर्तुळाच्या जीवेसाठी ‘लीलावती’तही आहे. म्हणजे नाव तेच आणि युक्तीही तीच. दोघांना एक समजण्यास यापेक्षा सोयीचे निमित्त कोणते हवे?

हे दोन वेगळे पुरुष आहेत हे ठरविणारा पुरावा साधा आहे. ‘लघुभास्करीया’वर शंकरनारायण नावाच्या केरळी पंडिताची टीका आहे, आणि ती ८६९ सालची आहे. सिद्धान्तशिरोमणिकार जन्मले त्याच्या २४५ वर्षांनंतर. टीका मूळ ग्रंथाच्या आधी कशी लिहिली जाईल? विभूतिभूषण दत्त यांनी १९३० मध्ये ‘दोन भास्कर’ हाच विषय घेऊन स्वतंत्र लेख लिहिला. पुण्याच्या आनंदाश्रमाने १९४५-४६ मध्ये त्या पहिल्या भास्कराचे दोन्ही ‘भास्करीय’ छापून प्रसिद्ध केले. शाळांच्या पुस्तकांत मात्र तो अजूनही उंबरठ्यावरच उभा आहे.

तिसरा भास्कर वेदान्ती. शंकराचार्यांनंतर त्याने ब्रह्मसूत्रांवर भाष्य लिहिले. ब्रह्म आणि जगत यांत भेदही आहे व अभेदही, असे तो म्हणतो. मायावादावर तो तुटून पडतो. आणि मोक्षासाठी ज्ञानाला कर्माची जोड हवी असा त्याचा आग्रह आहे. त्याचा ग्रहगणिताशी काही संबंध नाही.

चौथा भास्कर आपल्या अगदी घरचा. महानुभाव पंथाचा भास्करभट्ट बोरीकर, ‘शिशुपाळवध’ आणि ‘उद्धवगीता’ या मराठी काव्यांचा कर्ता. पहिल्या काव्यातील शृंगार पंथातल्या विरक्तांना मानवला नाही, म्हणून दुसरे काव्य वैराग्याच्या अंगाने लिहिले, अशी पंथाची परंपरा सांगते. पाचवा भास्करराय, अठराव्या शतकातला. मूळ महाराष्ट्रीय घराण्यातला हा श्रीविद्येचा उपासक मराठ्यांच्या तंजावर राज्यात कावेरीकाठी स्थायिक झाला. ललितासहस्रनामावरील त्याच्या टीकेचे नाव ‘सौभाग्यभास्कर’. येथे तर ग्रंथकाराचे नाव ग्रंथाच्या नावातही उतरले आहे.

आता गुंतागुंतीचा कळस पाहा. चाळीसगावाजवळच्या पाटणे येथे शके ११२८ चा, म्हणजे १२०६-०७ चा शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी यांनी १८६५ मध्ये तो विद्वानांच्या नजरेस आणला. यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी चांगदेव याने आपल्या आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी तेथे मठ स्थापन केला. ते आजोबा म्हणजे सिद्धान्तशिरोमणिकार भास्कराचार्य. लेखातील वंशावळ त्रिविक्रमापासून सुरू होते, आणि त्याच्या मुलाचे नाव आहे भास्करभट्ट! भोजराजाने त्याला विद्यापति ही पदवी दिली असे लेख म्हणतो. त्याच्या पुढे गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, आणि मग आपले भास्कराचार्य. म्हणजे एकाच घरात, एकाच दगडावर, दोन भास्कर. मठ स्थापणारा चांगदेव तरी एकटा कोठे आहे? महानुभावांचे चांगदेव राऊळ निराळे आणि ज्ञानदेवांच्या कथेतले तापीकाठचे चांगदेव वटेश्वर निराळे.

या लेखात एक बीडकर म्हणून माझे मन गुंतले आहे, त्याचेही कारण नावच. भास्कराचार्यांनी आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले विज्जलविड असे सांगितले आहे. हे गाव कोणते यावर बराच वाद झाला. कोणी विजापूर म्हटले, कोणी पाटण्याचा परिसर सुचविला, आणि ‘विड’ व ‘बीड’ यांचा ध्वनी जुळतो म्हणून कोणी आमचे बीड पुढे केले. भास्कराचार्य आमच्या जिल्ह्याचे ठरावेत असे कोणाला वाटणार नाही? परंतु ध्वनी जुळला म्हणजे दावा उभा राहतो, सिद्ध होत नाही. घराण्याचा लेख खानदेशात उभा आहे, आणि बीडच्या बाजूने तशा तोलाचा दगड कोणी दाखविलेला नाही. मुकुंदराजांचेही तसेच. त्यांची समाधी अंबाजोगाईस म्हणून आम्ही त्यांना आमचे मानतो. वैनगंगेकाठचे आंभोरे त्यांना आपले म्हणते. दोन्ही गावांच्या नावात ‘अंब’ आहे, एवढ्याने वाद मिटत नाही. उलट तेथेच तो सुरू होतो.

नावाने होणारा घोटाळा नेहमी अनेकांचा एक करतो असेही नाही. कधी एकाचे दोन होतात. अकराव्या शतकात अल् बेरूनीने दोन आर्यभटांचा उल्लेख केला, थोरला एक आणि कुसुमपूरचा एक. आज बहुतेक अभ्यासक त्या दोघांना एकच मानतात. आपल्याकडे शिवराम एकनाथ भारदे यांनी ‘भारद्वाज’ या नावाने १८९८-९९ च्या सुमारास ‘सुधारक’ पत्रात लेख लिहिले, आणि ज्ञानेश्वरीचा कर्ता वेगळा, अभंगांचा कर्ता वेगळा, असे मांडले. ज्ञानेश्वरीत विठ्ठल जवळजवळ नाही आणि अभंग तर विठ्ठलाने भरले आहेत, हा त्यांचा मुख्य मुद्दा. केवढे वादळ उठले! पुढच्या बहुतेक अभ्यासकांनी त्यांचे मत स्वीकारले नाही. पण त्या प्रश्नामुळे दोन्ही ग्रंथांची भाषा शब्द न् शब्द तपासली गेली, हे उपकार मानलेच पाहिजेत. आणि पुन्हा योगायोग असा की आपेगावेही दोन: पैठणजवळ गोदाकाठचे एक, आणि आमच्या शेजारच्या अंबाजोगाई तालुक्यातले दुसरे.

मग निवाडा करावा कसा? खेड्यातला माणूस करतो तसाच. गावात दोन भास्कर असले की तो विचारतो: कोणाचा मुलगा, कोणत्या आळीचा, काय काम करतो, आणि कोणत्या सालच्या दुष्काळात जन्मला? शोधकाच्या भाषेत याच चार कसोट्या होतात: वंश किंवा गुरुपरंपरा, स्थळ, विषय आणि भाषा, काळ. यांत काळ सर्वांत कठोर साक्षीदार. ८६९ सालच्या एका टीकेने दोन भास्करांचा निकाल लावला तो याच बळावर. विषय मात्र सर्वांत दुबळा. एकाच माणसाने काव्य आणि गणित दोन्ही लिहू नये असा नियम नाही. म्हणून कपाट वेगळे दिसले एवढ्यावरून माणूसही वेगळा ठरवू नये, आणि नाव एक दिसले म्हणून दोघांना एका आसनावर बसवू नये.

कोणी म्हणेल, एवढी चिकित्सा कशाला? ग्रंथ उरले, कर्ता कोणी का असेना. मला हे पटत नाही. सोळाव्या शतकात मराठीत महाभारत रचणारा विष्णुदास नामा याच्या रचना थोर नामदेवांच्या गाथेत मिसळल्या. त्याने नामदेवांचे थोरपण वाढले नाही. एका कवीची मेहनत मात्र बेवारशी झाली. थोरांना उसन्या कीर्तीची गरज नसते. तिची गरज नावसारखेपणाखाली दबलेल्यांना असते, आणि ती त्यांची स्वतःचीच असते. १९७९ आणि १९८१ मध्ये भारताने दोन उपग्रह सोडले, भास्कर-१ आणि भास्कर-२. त्या दोन गणितींची ही आठवण. नावापुढे एक आकडा घातला आणि साडेतेराशे वर्षे मागे राहिलेला पहिला भास्कर दुसऱ्याच्या बरोबरीने आकाशात गेला.

पाटण्याच्या त्या लेखाचा शेवट संस्कृतात नाही, मराठीत आहे. मठ चालावा म्हणून कोणी काय द्यायचे याची यादी तेथे कोरली आहे. प्रत्येक तेलघाण्यामागे पळीभर तेल, हेही त्यात आहे. त्या तेल्यांची नावे कोणी लिहिली नाहीत. पण त्यांच्या पळीभर तेलाच्या उजेडात कोणी तरी विद्यार्थी रात्री सिद्धान्तशिरोमणि वाचीत असेल. ज्यांची नावे दगडावर आणि ताडपत्रावर उरली, त्यांची तरी आपण नीट वेगळी करून ठेवावीत, इतके देणे आपण लागतो.