दुरुस्तीपूर्वीची नक्कल : हँडहेल्ड खेळयंत्रांच्या स्मृतीचा इतिहास

१/ बिघडलेला हँडहेल्ड दुरुस्तीला देण्यापूर्वी बॅकअप घ्यावा, हा सल्ला आज इतका स्वाभाविक वाटतो की तो पहिल्यापासूनच रूढ असावा असा समज होतो. वस्तुस्थिती निराळी आहे. १९८९ साली हा सल्ला निरर्थक ठरला असता आणि २०१७ साली तो पाळणे जवळजवळ अशक्य होते. या काळात खेळाडूची स्मृती नेमकी कुठे वास करत होती, याचा हा धागा.

२/ २१ एप्रिल १९८९ रोजी निन्टेन्डोचा गेम बॉय जपानमध्ये विक्रीस आला. गुनपेई योकोई यांच्या विभागाने घडवलेले हे यंत्र चार पेन्सिल सेलवर चालत असे. खेळातील प्रगती जपून ठेवणारी कायमस्वरूपी स्मृती यंत्रात नव्हती. त्यावरील टेट्रिसमध्ये रात्रभर जागून रचलेला उच्चांक बटण बंद करताच नाहीसा होई. जे जपलेच जात नव्हते, त्याची नक्कल कसली घ्यायची?

३/ त्या काळी स्मृती कागदावर होती. १९८६ च्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये प्रगतीची खूण म्हणून वीस जपानी अक्षरांचा परवलीचा मंत्र पडद्यावर येई, १९८७ च्या दुसऱ्या भागात तो बावन्न अक्षरांपर्यंत लांबला. तो वहीत उतरवायचा आणि पुन्हा खेळताना जसाच्या तसा भरायचा. एक अक्षर चुकले की सारे परिश्रम वाया. मात्र या पद्धतीत एक मोठा गुण होता. यंत्र जळून गेले तरी वही शाबूत राही, आणि वहीच्या हव्या तितक्या नकला करता येत.

४/ पुढे कागदाची जागा बॅटरीने घेतली. १९८७ मध्ये अमेरिकेत आलेल्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा’च्या कार्ट्रिजमध्ये नाण्याएवढी बॅटरी बसवलेली होती. कार्ट्रिजमधील एसरॅम ही चिप वीजप्रवाह सुरू असेतोवरच माहिती धरून ठेवते. यंत्र बंद असताना तो क्षीण प्रवाह ही बॅटरी पुरवी. गेम बॉयच्या अनेक कार्ट्रिजांनीही हीच युक्ती स्वीकारली.

५/ याचे सर्वांत ख्यातनाम उदाहरण म्हणजे फेब्रुवारी १९९६ मध्ये जपानमध्ये आलेले ‘पोकेमॉन रेड’ आणि ‘पोकेमॉन ग्रीन’. एका कार्ट्रिजमध्ये एकच सेव्ह. गेम बॉय हातातून पडला, पडदा फुटला, तरी साठवलेले पोकेमॉन सुरक्षित असत, कारण ते यंत्रात नव्हतेच. दुरुस्तीला देण्यापूर्वी कार्ट्रिज काढून घेतले की काम झाले. दुसऱ्या गेम बॉयमध्ये ते घातले की खेळ जिथे थांबला तिथून पुढे सुरू.

६/ परंतु बॅटरीला आयुष्य असते. १९९९ च्या ‘पोकेमॉन गोल्ड’ व ‘सिल्व्हर’मध्ये दिवस-रात्रीचे भान ठेवणारे घड्याळ आले आणि त्याचा भारही त्याच बॅटरीवर पडला. ती लवकर क्षीण होऊ लागली. येथे एक विलक्षण पेच उभा राहतो. बॅटरी बदलणे हीच दुरुस्ती; पण जुनी बॅटरी काढताच चिपचा प्रवाह तुटतो आणि सेव्ह पुसला जातो. म्हणजे दुरुस्तीच स्मृतीचा घात करते.

७/ या पेचातूनच ‘आधी नक्कल, मग दुरुस्ती’ हा नियम जुन्या खेळांच्या जाणकारांत रुजला. कार्ट्रिज-वाचक उपकरणाने सेव्ह संगणकावर उतरवायचा, डाख काढून नवी बॅटरी बसवायची आणि तोच सेव्ह परत लिहायचा. बालपणीचे पोकेमॉन आज जिथे जिथे जिवंत आहेत, तिथे अनेकदा या तीन पायऱ्यांचेच श्रेय आहे. मात्र बॅटरी आधीच संपलेली असेल, तर उतरवण्यासारखे काही उरत नाही.

८/ डिसेंबर २००४ मध्ये सोनीचा पीएसपी आला आणि स्मृती प्रथमच सुलभ झाली. सेव्ह मेमरी स्टिकवर साठवले जात. यूएसबी तार संगणकाला जोडली की त्यांचा फोल्डर एखाद्या दस्तऐवजाप्रमाणे कॉपी करता येई. वहीचा जुना गुण नव्या रूपात परतला होता.

९/ हे स्वातंत्र्य सर्वत्र टिकले नाही. २०११ च्या निन्टेन्डो थ्रीडीएसमध्ये डाउनलोड केलेल्या खेळांचे सेव्ह एसडी कार्डावर असत, पण ते त्या विशिष्ट यंत्राच्या किल्लीने कुलूपबंद केलेले. कार्डाची नक्कल जवळ असूनही दुसरे यंत्र ती वाचू शकत नसे. ३ मार्च २०१७ रोजी आलेल्या स्विचने पुढचे पाऊल टाकले : सेव्ह थेट यंत्राच्या अंतर्गत स्मृतीत. छायाचित्रे मायक्रोएसडीवर नेता येत, सेव्ह नेता येत नसत. कार्ट्रिज काढून घेण्याला आता काहीच अर्थ उरला नव्हता.

१०/ ऑक्टोबर २०१७ मध्ये दुसऱ्या स्विचवर सेव्ह हलवण्याची सोय आली, पण ते स्थलांतर होते, नक्कल नव्हे. क्लाउडवरील बॅकअप सप्टेंबर २०१८ मध्ये आला, तोही सशुल्क सदस्यांसाठी. ‘स्प्लॅटून २’सारखे काही खेळ त्यातून वगळले गेले. कारण विचार करण्याजोगे होते : जुना सेव्ह परत आणता आला, तर देऊन टाकलेली वस्तू पुन्हा मिळवता येते किंवा गमावलेला दर्जा परत घेता येतो. रक्षण करणारी नक्कल लबाडीलाही उपयोगी पडते. मार्च २०२० च्या ‘ॲनिमल क्रॉसिंग : न्यू होरायझन्स’मध्ये खेळाडूंनी महिनोन्‌महिने सजवलेल्या बेटांसाठी स्वतंत्र बॅकअप सेवा जुलै २०२० मध्ये द्यावी लागली.

११/ या इतिहासाचा क्रम असा : वही, कार्ट्रिज, कार्ड, यंत्र, क्लाउड. प्रत्येक टप्प्यावर सोय वाढली. पण शेवटच्या दोन टप्प्यांत स्मृतीची किल्ली खेळाडूच्या हातून निर्मात्याच्या हाती गेली. म्हणून दुरुस्तीच्या टेबलावर यंत्र ठेवण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे माहीत असावीत. सेव्ह नेमका कुठे आहे? त्याची नक्कल दुसऱ्या यंत्रात उघडते का? आणि ज्या खात्याशी तो बांधलेला आहे, त्याचा पासवर्ड आठवतो का? मदरबोर्ड बदलला गेला, तर यंत्र नव्यासारखे होऊन परत येते, पण कोऱ्या पाटीसारखे.

१२/ इतिहासाचे अभ्यासक जाणतात की एकमेव प्रत असलेले कागदपत्र सर्वाधिक धोक्यात असते. वाळवी, आग किंवा पूर यांपैकी एक पुरेसे ठरते. शेकडो तासांच्या खेळाचा एकुलता एक सेव्ह हेही तसेच एक दफ्तर आहे. त्याची दुसरी प्रत करण्याची वेळ यंत्र चालू असतानाची असते. यंत्र बंद पडल्यावर ती बहुधा टळलेली असते.