‘एकाग्र’ शब्दाचा अर्थ व चार साधनापरंपरा

(१) जुन्या दप्तरांत व मठांच्या संग्रहांत ध्यानविषयक बाडें पुष्कळ सांपडतात. आरंभींचीं व शेवटचीं पानें गहाळ झालेलीं असलीं म्हणजे ग्रंथाचें नांव कळत नाहीं, आणि मग यादींत ‘योग’ किंवा ‘ध्यान’ एवढाच शेरा मारून बाड बाजूस ठेवण्यांत येतें. ह्या शेऱ्याच्या मुळाशीं एक समजूत आहे. ती अशी कीं, मन एकाग्र करणें ही एकच क्रिया असून वैदिक, बौद्ध, जैन व शीख परंपरांनीं तिला केवळ निरनिराळीं नांवें दिलीं. ही समजूत कितपत टिकते, हें त्या त्या परंपरेच्या आधारग्रंथांवरून पाहणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

(२) पातंजल योगसूत्रें व त्यांवरील व्यासभाष्य हीं सामान्यतः इसवी सनाच्या चौथ्या-पांचव्या शतकांतील मानतात. भाष्यकारांनीं चित्ताच्या क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र व निरुद्ध अशा पांच भूमि सांगितल्या आहेत. हें वर्गीकरण सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याच्या लगतचें एक विधान सहसा लक्षांत घेतलें जात नाहीं. समाधि हा चित्ताचा सर्व भूमींवर आढळणारा धर्म आहे, असें भाष्यकार प्रथम म्हणतात. आणि विक्षिप्त चित्तांतील समाधि विक्षेपाच्या आधीन असल्यामुळें योगाच्या पक्षांत धरतां येत नाहीं, असें पुढें बजावतात. म्हणजे मन कोठें तरी स्थिरावणें ही गोष्ट दुर्मिळ नव्हे. त्यांपैकीं योग कशास म्हणावें, एवढाच प्रश्न आहे. काळाचें माप सूत्रांत नाहीं. बारा प्राणायामांची एक धारणा, बारा धारणांचें एक ध्यान व बारा ध्यानांची एक समाधि, हें माप पुराणांतून येतें. बाडांत तें आढळल्यास तें सूत्रांतील नव्हे, हें ओळखावें.

(३) बौद्धांच्या बाजूनें बुद्धघोषाचा ‘विसुद्धिमग्ग’ हा मुख्य आधार होय. तो पांचव्या शतकांत सिंहलद्वीपीं अनुराधपुराच्या महाविहारांत रचला गेला. ह्या ग्रंथाचें देवनागरी संपादन गोव्यांतील सांखवाळ येथें जन्मलेल्या धर्मानंद कोसंबी यांनीं केलें व तें इ. स. १९४० मध्यें मुंबईस प्रसिद्ध झालें. हेन्री क्लार्क वॉरन यांचें अपुरें राहिलेलें संपादनही त्यांनींच तपासून सिद्ध केलें. तें हार्वर्ड येथून इ. स. १९५० मध्यें, म्हणजे कोसंबींच्या निधनानंतर तीन वर्षांनीं, बाहेर पडलें.

बुद्धघोषाची व्याख्या अशी कीं, कुशल चित्ताची एकाग्रता ती समाधि. येथें ‘कुशल’ हें विशेषण शोभेसाठीं नाहीं. अभिधम्माच्या मतें एकाग्रता हा प्रत्येक चित्ताबरोबर येणारा धर्म आहे; चोरी करणाऱ्याच्या चित्तांतही तो असतो. म्हणून नुसती एकाग्रता ही स्तुतीचा विषय होत नाहीं. साधनाचा तपशील मात्र कमालीचा बारीक आहे. चाळीस कर्मस्थानें सांगून तीं सहा प्रकारच्या स्वभावांस वांटून दिलीं आहेत. साधनेस अयोग्य अशा विहाराचे अठरा दोष मोजले आहेत. फार मोठा, फार नवा, मोडकळीस आलेला, रस्त्यालगतचा विहार टाळावा, असें सांगितलें आहे. पृथ्वीकसिणाचें मंडल अरुणवर्ण मातीचें, एक वीत चार अंगुळें रुंद असावें, आणि साधकानें अडीच हातांवर बसावें. तथापि एका परंपरेंतही संख्या ठरून गेली होती, असें नाहीं. पुण्याचे प्रा. पु. वि. बापट यांनीं इ. स. १९३७ मध्यें ‘विमुत्तिमग्ग’ व ‘विसुद्धिमग्ग’ यांची तुलना प्रसिद्ध केली. पहिल्या ग्रंथांत कर्मस्थानें अडतीसच आहेत.

(४) जैनांच्या तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायांत ध्यानाची व्याख्या आहे. तींत तीन अटी आहेत: शरीराचें संहनन, म्हणजे अस्थिबंध, उत्तम असावें, चिंतेचा एका अग्रावर निरोध व्हावा, आणि कालमर्यादा मुहूर्ताच्या आंतील असावी. मुहूर्त म्हणजे दोन घटका, अर्थात् ४८ मिनिटें. पूज्यपादांनीं ‘अग्र’ म्हणजे मुख असा अर्थ करून, अनेक मुखांकडे धांवणारी चिंता एका मुखीं नियमित करणें असें विवरण दिलें आहे. ह्याहून अधिक काळ चालतें, तें एक ध्यान नसून ध्यानांची मालिका होय, असा खुलासा ‘ध्यानशतकां’त आहे.

हस्तलिखितांच्या संग्राहकांस येथें एक उपयुक्त खूण सांपडते. दिगंबर पाठांत ही व्याख्या कालमर्यादेसह एकाच सूत्रांत येते. श्वेतांबर पाठांत मर्यादेचें सूत्र निराळें आहे. त्यामुळें ह्या ठिकाणचे सूत्रांक पाहिले असतां प्रत कोणत्या पाठपरंपरेची, ह्याचा अंदाज बांधतां येतो.

ध्यानाचे प्रकार चार: आर्त, रौद्र, धर्म्य व शुक्ल. पैकीं पहिले दोन बंधास कारण होतात. हानीच्या दुःखांत बुडालेला व हिंसेचा बेत करणारा, हे दोघेही ध्यानीच आहेत, हा निष्कर्ष जैनांनीं निःशंकपणें स्वीकारला.

(५) शिखांच्या आदिग्रंथाचें संकलन गुरु अर्जुनदेवांनीं इ. स. १६०४ मध्यें पूर्ण केलें. लेखन भाई गुरदासांचें. जपुजीच्या पहिल्याच पौडींत, मौन धरून अखंड लय लावल्यानेंही मन निवांत होत नाहीं, अशा आशयाचें गुरु नानकांचें वचन आहे. आसन व एकांत यांवरील भार येथें कमी होऊन नामस्मरण व कीर्तन यांवर येतो.

ह्याच ग्रंथांत नामदेवांचीं ६१ पदें आहेत. त्यांतील रामकली रागाचें एक पद आपल्या विषयाचें केवळ भाष्यच म्हणावें असें आहे. पतंग उडविणारा मुलगा सोबत्यांशीं बोलतो, पण चित्त दोरींत. पाणी आणणाऱ्या मुली हंसतात, विनोद करतात, पण चित्त घागरींत. गाय दूर चरते, पण चित्त वांसरांत. आई घरकामांत गुंतली, पण चित्त पाळण्यांतील मुलांत. सोनाराचें चित्त त्याच्या कारागिरींत. भाषेच्या दृष्टीनेंही हें पद महत्त्वाचें आहे. पतंगास ‘गूडी’ हा पंजाबांतला शब्द असून क्रियापदें ‘आनीले’, ‘काटीले’ अशीं लकारान्त वळणाचीं आहेत. असा लकार पूर्वेकडील भाषांतही असल्यामुळें केवळ त्यावरून कर्तृत्वाचा निकाल लावतां येत नाहीं. मराठी मुखाशीं हीं रूपें जुळतात, इतकें निश्चित.

(६) ह्या सर्वांचा मेळ घातला असतां प्रचलित समजुतीच्या उलट चित्र दिसतें. चारी परंपरांचें ऐक्य आहे तें असें कीं, एकाग्रता हा मनाचा मुळचाच गुण असून ती आपोआप पुण्यकारक ठरत नाहीं. भाष्यकार तिला भूमीची, बुद्धघोष कुशलतेची व जैन आचार्य प्रकाराची अट घालतात. नामदेव संसारांतील एकाग्रतेचेच दाखले देऊन विषय तेवढा बदलावयास सांगतात. ह्यापुढें वाटा फुटतात. ध्यान किती वेळ, कोणत्या शरीरानें, कोठें बसून, कोणत्या आलंबनावर, ह्या प्रश्नांचीं उत्तरें एकमेकांशीं जुळत नाहींत, आणि ग्रंथाची ओळख ह्या न जुळणाऱ्या उत्तरांतच असते.

म्हणून संग्राहकांस सुचवावयाचें तें एवढेंच: ध्यानाचें निनांवी बाड हातीं आल्यास ‘योग’ हा शेरा मारण्यापूर्वीं आलंबन, काळाचें माप, स्थळ व अधिकारी ह्या चार गोष्टी टिपून ठेवाव्या. त्या टिपल्या नाहींत, तर दिगंबर मुनीचें पान नाथपंथी गठ्ठ्यांत बांधलें जाईल, आणि एकदां बांधलेला गठ्ठा पुन्हां कोण सोडणार?