बिनतारी कार्ड: निवड कोणाची?

गेल्या महिन्यात शेजारचा एक विद्यार्थी आपला लॅपटॉप काखेत मारून आमच्याकडे आला. घरातले वायफाय फार रडते, म्हणून त्याने यंत्रातले जुने बिनतारी कार्ड काढून नवे बसवले होते. चार ठिकाणी विचारून, सगळ्यांत चांगले म्हणून सांगितलेले कार्ड त्याने आणले होते. ते खाचेत चपखल बसले, स्क्रू लागला, दोन्ही तारा जोडून झाल्या. आणि यंत्र सुरू केल्यावर त्याला कार्डाचा पत्ताच लागेना! "काका, कार्ड खोटं असेल का हो?" त्याने विचारले. कार्ड खरे होते, आणि यंत्रही ठणठणीत होते. मग ह्या दोघांचे जमत का नाही? हे सांगायला मला पन्नास वर्षे मागे जावे लागले. वाचकहो, तुम्हीही जरा बरोबर चला.

संगणकाला तारेवाचून बोलायला शिकवले ते हवाई बेटांनी. तिथल्या विद्यापीठाचा संगणक ओआहू बेटावर, आणि विद्यापीठाच्या शाखा भोवतालच्या बेटांवर. मध्ये समुद्र. नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेडिओलहरींवरून मजकुराचे लहान लहान तुकडे धाडण्याची व्यवस्था केली, आणि 1971 मध्ये ते 'अलोहानेट' सुरू झाले. दोघे एकदम बोलले आणि गोंधळ झाला, तर दोघांनीही थोडा वेळ थांबून पुन्हा बोलावे, असा त्यातला साधा नियम. चावडीवर पाळला जात नाही, पण यंत्रे पाळतात. आजचे वायफाय ह्याच घराण्यातले आहे. मात्र ते बोलण्यापूर्वी आधी कान देते, इतकी सुधारणा झाली आहे.

पण शास्त्र जमले म्हणून वस्तू घरोघर जात नाही. हवा सरकारची होती. आपल्याकडे नुसता ऐकण्याचा रेडिओ घरात ठेवायचा, तरी टपालकचेरीतून परवाना काढावा लागे, हे आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. मग लहरी पाठवणाऱ्या यंत्राची काय कथा! अमेरिकेतही निराळे काही नव्हते. तिथल्या दळणवळण आयोगातले एक इंजिनिअर मायकेल मार्कस ह्यांनी मोकळ्या वापराचा आग्रह धरला, आणि मे 1985 मध्ये आयोगाने तीन पट्टे कमी शक्तीच्या यंत्रांना परवान्यावाचून मोकळे केले. हे पट्टे म्हणजे काही राजवाड्यातले दालन नव्हे. उद्योगधंदे, शास्त्र आणि वैद्यक ह्यांच्या तापवण्याच्या यंत्रांसाठी सोडलेली ती परसदारची जागा होती. अन्न गरम करायची मायक्रोवेव्ह भट्टी ज्या 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपास चालते, तोच तो पट्टा. कोणाला नको असलेली जागा, म्हणून फुकट मिळाली. पुढे तिथेच सारे जग राहायला आले.

ह्या जागेचा एक उपयोग सुचला तो गल्ल्यावरून. एनसीआर ही दुकानांतली रोकडयंत्रे करणारी कंपनी. मोठ्या दुकानांत मांडणी सारखी बदलते, आणि गल्ला हलवला की जमिनीखालच्या तारा उकराव्या लागतात. तारच नसली तर? ह्या विचाराने कंपनीच्या नेदरलँड्समधल्या इंजिनिअरांनी 'वेव्हलॅन' हे कार्ड तयार केले. त्यांच्यातलेच व्हिक हेज हे 1990 पासून ह्या विषयाच्या मानक-समितीचे अध्यक्ष होते. सर्वांची यंत्रे एकमेकांशी बोलतील असे 802.11 हे मानक ठरवायला समितीला 1997 साल उजाडले. त्याचा वेग सेकंदाला अवघे एक ते दोन मेगाबिट. दोन वर्षांनी, 1999 मध्ये, तो 11 मेगाबिटांवर गेला.

आता आपल्या मुद्द्याकडे येऊ. त्या काळी कार्ड निवडायचे म्हणजे खरोखरच निवडायचे. लॅपटॉपच्या कुशीला एक फट असे. त्यात खेळायच्या पत्त्याहून थोडे लहान पीसी-कार्ड सरकवायचे. अँटेनेचा भाग बाहेर राही. आवडले नाही तर ओढून काढायचे आणि दुसऱ्या कंपनीचे घालायचे. यंत्र कोणाचे आणि कार्ड कोणाचे, ह्याच्याशी कोणाला देणेघेणे नव्हते. वेव्हलॅनचा धंदा पुढे ल्यूसंट कंपनीकडे गेला. तिची 'ओरिनोको' कार्डे चंदेरी आणि सोनेरी अशा दोन प्रतींत मिळत. गंमत अशी, की दोहोंचा रेडिओ सारखाच! फरक होता तो गुप्ततेच्या किल्लीच्या लांबीत. सोनेरीची किल्ली लांब, म्हणून ते अधिक सुरक्षित, असा समज. 2001 मध्ये फ्लूरर, मँटिन आणि शामिर ह्या तिघा तज्ज्ञांनी दाखवून दिले, की दोष कुलपाच्या घडणीतच आहे आणि किल्ली लांब केल्याने तो जात नाही. सोनेरीसाठी जादा पैसे मोजणाऱ्यांना तेव्हा काय वाटले असेल, कोण जाणे.

कार्ड यंत्राच्या पोटात गेले तेही ह्याच सुमारास. जुलै 1999 मध्ये न्यूयॉर्कच्या सभेत स्टीव्ह जॉब्स ह्यांनी ॲपलचा आयबुक हातात धरला, आणि त्याला तार नाही हे पटावे म्हणून त्याच्याभोवती एक गोल कडे फिरवून दाखवले. जादूगार दाखवतात ना, अगदी तसे. त्याचे कार्ड कीबोर्डच्या खाली बसे, आणि अँटेना यंत्राच्या अंगातच होती. रूप देखणे झाले, सोय झाली. पण अँटेना आता यंत्र बनवणाऱ्याची झाली, कार्ड बनवणाऱ्याची राहिली नाही. ही गोष्ट तेव्हा कोणाच्या फारशी लक्षात आली नाही.

ती लक्षात आणून दिली इंटेलने. मार्च 2003 मध्ये त्यांनी 'सेंट्रिनो' हे नाव बाजारात आणले. प्रोसेसर आमचा, त्याचा जोडीदार चिपसंच आमचा आणि बिनतारी कार्डही आमचे, असे तिन्ही असेल तरच लॅपटॉपवर ती चिठ्ठी चिकटवायची. त्यातला प्रोसेसर खरोखर उत्तम होता. कार्डाचे काय? ते 11 मेगाबिटांचेच होते. तीन महिन्यांनी, जूनमध्ये, त्याच पट्ट्यात 54 मेगाबिट देणारे 802.11जी मानक मंजूर झाले! दुसऱ्या कंपन्यांची तशी कार्डे मिळत होती, पण ती घातली की चिठ्ठी गेली, आणि गिऱ्हाईक तर चिठ्ठी पाहूनच यंत्र घेत होते. मी इंटेलला दोष देत नाही. सामान्य माणसाच्या लॅपटॉपमध्ये बिनतारी यंत्रणा असलीच पाहिजे, हे त्या जाहिरातींनीच जगाला पटवले. परंतु सर्वोत्तम कार्ड कोणते, ह्याचा निर्णय त्या वर्षापासून गिऱ्हाइकाच्या हातून निसटू लागला एवढे खरे.

पुढची पायरी अधिक कडक होती. काही लॅपटॉपकर्त्यांनी यंत्राच्या मूळ प्रणालीत मान्य कार्डांची यादीच घालून ठेवली. यादीबाहेरचे कार्ड दिसले, की यंत्र सुरू व्हायचेच नाकारी. कारण असे सांगत, की रेडिओ आणि अँटेना ह्यांची जोडी तपासून सरकारी मान्यता मिळते, ती जोडी मोडता येणार नाही. ह्यात तथ्य आहे. पण त्याच जातीचे, मान्यता असलेले कार्ड आपल्याच कंपनीच्या नावाने महाग विकत घ्यायला लावणे, ह्याचे समर्थन त्या कारणाने होत नाही, असे माझे मत आहे.

आणि शेवटची पायरी 2017 च्या अखेरीची. आतापर्यंत कार्ड म्हणजे पुरते कार्ड होते. इंटेलने त्याचे दोन भाग केले: हिशेबाचे काम प्रोसेसरच्या बाजूला हलवले आणि कार्डावर फक्त रेडिओ ठेवला. खर्च वाचला. पण असे अर्धे कार्ड त्याच घरच्या ठरावीक प्रोसेसरांशीच बोलते. बाहेरून ओळखू म्हणाल तर कठीण. दोन्हींचा आकार सारखाच, 22 मिलिमीटर रुंद आणि 30 मिलिमीटर लांब, आणि खाचही सारखीच. एएक्स 200 आणि एएक्स 210 ही पुरती कार्डे; एएक्स 201 आणि एएक्स 211 ही अर्धी. एका आकड्याचा काय तो फरक. आमच्या विद्यार्थ्याने आणले ते असेच अर्धे कार्ड होते, आणि त्याच्या लॅपटॉपचा प्रोसेसर दुसऱ्या घरचा.

इकडे खाच अशी आवळत गेली, आणि हवा मात्र मोकळी होत गेली. आपल्या देशात 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी 2005 च्या नियमांनी परवान्यातून सुटला. 5 गिगाहर्ट्झचा प्रशस्त पट्टा, एकूण 605 मेगाहर्ट्झ, ऑक्टोबर 2018 मध्ये सुटला. अमेरिकेने 6 गिगाहर्ट्झचा पट्टा एप्रिल 2020 मध्ये खुला केला. आपल्याकडे त्याच्या खालच्या भागासाठी नियमांचा मसुदा मे 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा खोक्यावर '6ई' किंवा '7' असा आकडा पाहून हुरळून जाऊ नका. तो पट्टा आपल्या देशात ज्या वापराला खुला असेल, आणि आपला राऊटर तो जाणत असेल, तरच त्याचे पैसे वसूल होतात.

आता तुम्हाला कार्ड बदलायचेच असेल, तर मी त्या मुलाला जे सांगितले तेच सांगतो. आधी दुकान नको, आधी लॅपटॉपचे पाठीमागचे झाकण. कार्ड मुख्य पाटीला डाख लावून बसवलेले असेल तर विषय संपला. सुटे असेल तर त्याचा क्रमांक लिहून घ्या, प्रोसेसर कोणाचा ते पहा, आणि कार्डांची यादी घालणाऱ्यांपैकी तुमचा लॅपटॉपकर्ता आहे का ह्याची चौकशी करा. खाच जुन्या लांबट घडणीची असेल तर नवी कार्डे तिच्यात जाणारच नाहीत. शिवाय अँटेनेच्या तारांची टोके नव्या कार्डांत अधिक बारीक झाली आहेत. जुने टोक जबरदस्तीने दाबले की कार्डही जाते आणि तारही. अशा तारा बहुधा दोन असतात, आणि त्या पडद्याच्या कडेपर्यंत गेलेल्या असतात. एकच तार असलेल्या स्वस्त यंत्रात दोन तारांचे कार्ड घातले, तर अर्धा पैसा वाया गेला म्हणून समजा. आणि आकडा कितीही मोठा असो, एका वेळी एकानेच बोलायचे हा हवाईचा नियम अजून सुटलेला नाही. जुन्या 11 मेगाबिटांच्या कार्डावर पाच-सहाच पदरात पडत, तसेच आजही छापील वेगातला बराच भाग वाटेतच खर्ची पडतो.

विद्यार्थ्याने ते कार्ड परत करून पुरते कार्ड आणले, आणि यंत्राने ते पहिल्या झटक्यात ओळखले. वेग किती वाढला म्हणून मी विचारले, तर म्हणाला, "चांगलाच वाढला, पण कार्डामुळे किती ते सांगता येत नाही. त्याच दिवशी आईनं राऊटर लोखंडी कपाटामागून काढून खिडकीपाशी ठेवला."