खांदेरीचा दिवा

मी मुळशीतल्या जांबे गावचा; थंडी मला नवी नाही. पण पौषातल्या एका रात्री थळहून होडीने खांदेरीला निघालो, तेव्हा खाऱ्या वाऱ्यापुढे घोंगडीही हरली. बेटावर उतरून कुडकुडतच दीपस्तंभाचा जिना चढलो. वर झोत फिरत होता; उत्तरेस मुंबईचे दिवे लुकलुकत होते. तेवढ्या अंतरात केवढा इतिहास घडला!

१६७९ साली शिवछत्रपतींनी मुंबईच्या तोंडाशी असलेले हे बेट बांधावयास घेतले. कामावर मायनाक भंडारी होता. इंग्रजांनी गलबते आणून नाकेबंदी केली. मागाहून सिद्दीही आला. ऑक्टोबरात दौलतखानाच्या आरमाराशी इंग्रजांची लढाई जुंपली. पण बेट तगले ते रात्रीच्या आधाराने. मोठी गलबते वाऱ्यावाचून अडत. आपल्या चिमुकल्या होड्या वल्ही मारीत अंधारातून निसटत आणि बेटावर दाणागोटा पोचवीत. अखेर १६८०च्या आरंभी इंग्रजांनी माघार घेतली.

पुढे इंग्रजी अमदानीतच, १८६७ साली, मुंबईच्या वाटेवरील जहाजांसाठी येथे दीपस्तंभ उभारला गेला. ज्या बेटाला अंधाराने तारले, तेच आता उजेडाने इतरांना तारते!

१९९८ मध्ये बेटाला कान्होजी आंग्रे यांचे नाव मिळाले, हे उचितच झाले. पण वाचकहो, अंगणात पणत्या मांडाल, तेव्हा एक त्या वल्हेकऱ्यांसाठीही लावा. त्यांना दिवा लावण्याची मुभा नव्हती.